डावा क्रँक

कुंड्या बघूनच माझं डोकं फिरलं. हँडलला दोन लटकवलेल्या, एक कॅरिअरवर, आणि सीट काढून त्या जागी चौथी. चारींतून कसल्याशा वेली लोंबत होत्या. सायकल अख्खी पांढरी रंगवलेली, स्पोकसकट, चेनसकट. चेनला रंग फासणाऱ्या माणसाबद्दल मी तेव्हा जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

"ही सायकल आहे की बगीचा?" मी विचारलं.

"सायकल आहे," ती ढकलत आणणाऱ्या बाई म्हणाल्या. घामाघूम झाल्या होत्या. "माझ्या वडिलांची आहे. म्हणजे मला तरी तसं वाटतंय. खरं काय ते तुम्ही सांगायचं."

बाई ओळखीच्या. आमच्या मागच्याच गल्लीत शिवणकाम करतात, त्यांना सगळे शिंपीणताई म्हणतात. मला म्हणतात मिस्त्रीबाई. हे सायकलदुरुस्तीचं दुकान माझ्या वडिलांचं, अण्णांचं. ते गेल्यापासून मी चालवते. अण्णा शांत होते, मी नाही. गिऱ्हाईक माझ्या हातासाठी येतं आणि तोंड सोसतं, असं आमचे हे म्हणतात. आमचे हे म्हणजे माझे यजमान. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दुकानात टेबल टाकून बसतात, पंख्याखाली पेपर वाचतात आणि न मागितलेले सल्ले देतात.

ताईंना स्टूल दिलं, पाणी दिलं. मग त्या सांगायला लागल्या.

त्यांचे वडील पाणीखात्यात होते. रोज सायकलवर गल्लोगल्ली फिरून जमिनीतले व्हॉल्व्ह उघडायचे, पाणी सोडायचे, पुन्हा फिरून बंद करायचे. त्यासाठी लागणारी माणसाएवढी लोखंडी चावी सायकलीला बांधलेली असायची. ताईंची आई लवकर गेली. ताई शिवण शिकल्या, हात चांगला बसला, पण घरात मशीन नव्हतं. एक दिवस वडील सायकलवर बाहेर गेले आणि हातगाडी ओढत चालत परत आले. गाडीवर शिलाई मशीन होतं. सायकल देऊन ते घेतलं होतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ती चावी खांद्यावर टाकून पायी फिरले.

"त्याच मशीनवर मी अजून शिवते," ताई म्हणाल्या. "माझ्या घरात जे काही आहे ना मिस्त्रीबाई, ते सगळं त्या सायकलीतून आलंय. दादांनी एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही."

"आता कसे आहेत ते?"

"तेच तर. थंडीत घरातच पडले. हाड मोडलं नाही, पण उमेद मोडली. तेव्हापासून पलंग सोडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आणखी थोडे दिवस असेच काढले तर पाय कायमचे आखडतील, मग काही म्हणजे काही करता येणार नाही. मी हातापाया पडते. दादा, दोन पावलं तरी टाका. तर म्हणतात, कुठं जायचंय मला?"

सायकल समोर आली तर हा माणूस उठेल, असं ताईंच्या मनानं घेतलं होतं. आधी एकदा त्यांनी कुणाची तरी तशीच जुनी सायकल आणून पलंगाशी उभी केली. दादांची नजर अधू झालीय. त्यांनी हात फिरवला, म्हणाले, "कुणाची उचलून आणलीस? देऊन ये," आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नंतर ताई एका कॉफीच्या दुकानात पडद्यांची मापं घ्यायला गेल्या, तर दारात शोभेला ही उभी. चढवलेल्या रंगाखालीही त्यांना काहीतरी ओळखीचं वाटलं. पडदे शिवून दिले आणि बदल्यात ही घेतली, कुंड्यांसकट.

"त्यांना फसवता येत नाही," ताई म्हणाल्या. "त्यांचीच असेल तर नीट करा. नसेल तर स्पष्ट सांगा, मी परत नेऊन ठेवते. खोटी सायकल पुन्हा त्यांच्यासमोर न्यायची माझी हिंमत नाही. या वेळी नाही म्हणाले तर ते उठायचे नाहीत, मला माहीत आहे."

"खुणा सांगा."

"रंग हिरवा होता. खात्याच्या झाकणांना लावून उरलेला दादांनी मारला होता. दांड्यावर माझ्यासाठी लहान सीट होती. आणि दादांचा डावा पाय पहिल्यापासून जरा..."

"पायाचं राहू द्या हो, ताई. सायकलीचं सांगा," मी म्हटलं आणि कुंड्या सोडवायला पाना उचलला.

सायकलीचं वय तिच्या सांध्यांवरून कळतं. कंपनीची पाटी केव्हाच गेली होती, पण नळ्या जिथं जोडल्या होत्या तिथं लोखंडाला चांदणीसारखी टोकं काढलेली होती. ब्रेकला तारा नव्हत्या, सळ्या होत्या. चाकाच्या मधोमध तेल सोडायला भोक आणि त्यावर इवलंसं झाकण. असं काम आता कुणी करत नाही, करायला परवडतही नाही. गाडी चांगल्या घरची होती. तिचे हाल कुत्रा खाईना असे झाले होते, एवढंच.

मग रंग. पांढऱ्याखाली काळा निघाला. पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवत गेले, तर काळ्याखाली हिरवा. तोही नेहमीचा नाही, ब्रशनं फासलेला, जागोजागी ओघळलेला हिरवा. वरच्या दांड्यात दोन भोकं रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेली सापडली. तेवढ्यावरून मी काही बोलले नसते, मुलांच्या सीटची भोकं शंभर सायकलींना असतात. पण खालच्या तिरक्या नळीवरून बोट फिरवलं आणि थांबले. नळीच्या एका अंगाला लांबच लांब चपटा पट्टा घासला गेला होता. वर्षानुवर्षं तिथं काहीतरी जड लोखंड बांधलेलं असल्याशिवाय नळी अशी झिजत नाही. सायकलवर एवढी लांब पहार कोण घेऊन फिरेल? पाणी सोडणाराच.

मी निरोप धाडला. ताई गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आल्या. त्यांचं बोट धरून मी त्या पट्ट्यावरून फिरवलं. त्या तिथंच रडायला लागल्या.

"डोळ्यांतलं पाणी बाहेर जाऊन टिपा, रंग ओला आहे," मी म्हटलं. रंग ओला नव्हता. मलाच भरून आलं होतं आणि आमच्या यांच्यासमोर मला ते नको होतं.

मग मी कामाला लागले. चाकं सरळ केली, छर्रे बदलले, सळ्या घासून चकचकीत केल्या. हिरवा रंग मात्र ओघळांसकट ठेवला, तो दादांचा होता. जुन्या चामड्याची सीट मिळवली. यांनी विचारलं, "जेवायला येणार आहेस की तिथंच ताट पाठवू?" मी पाना खाली ठेवला नाही.

आणि मग डाव्या क्रँकवर आले. क्रँक म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला फिरतं तो दांडा. दोन्ही बाजूंचे सारख्या लांबीचे असतात, हे लहान मुलालाही कळतं. इथं डावा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड. दुसऱ्याच कुठल्या तरी सायकलीचा, मधोमध कापून पितळेचा डाग देऊन जोडलेला, आणि वर तोच हिरवा रंग.

माझा पारा चढला. "कुठल्या आंधळ्यानं केलंय हे? अशा सोन्यासारख्या गाडीला असलं ठिगळ? असल्यांच्या हातात पाना देणाऱ्यालाच आधी धरलं पाहिजे!"

"काहीतरी विचार करून केलं असेल कुणी," हे पेपरमागून म्हणाले.

"विचार! असा विचार करणाऱ्यानं घरी बसून पेपर वाचावा."

"मी दुकानात बसून वाचतो," हे म्हणाले.

तो क्रँक काढला आणि भंगाराच्या डब्यात भिरकावला. आता जोड कुठून आणायची? अशा सायकलींचे सुटे भाग शोधून मिळत नाहीत. तेव्हा मला अण्णांचं खोकं आठवलं.

त्या खोक्यात अण्णांची हत्यारं आहेत. अण्णा डावखुरे होते. त्यांच्या लोखंड घासायच्या कानशी मला अजून चालत नाहीत, त्यांचा हात उलटा वळायचा आणि कानशीही तशाच झिजल्यात. त्यांचं सगळंच जगावेगळं. गिऱ्हाईक आलं की सायकलीला हात लावायच्या आधी त्याला सांगायचे, "जरा त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा. आता वळा आणि परत या." लोक हसायचे. सायकल दुरुस्तीला आलीय की मुलगी दाखवायला, असं विचारायचे. अण्णा त्यांचे पाय बघत राहायचे. मी दुकान हातात घेतलं आणि पहिल्यांदा ती चाल बंद केली. लोकांना वेळ नसतो. मलाही नसतो.

तर त्या खोक्यात तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक डावा क्रँक होता. एकटाच. त्याचा उजवा कुठं गेला, हे मला लहानपणापासून कोडं होतं. काढून बघितला तर त्यावर तीच चांदणी! लावला तर असा बसला, जणू तिथूनच काढलेला.

"अण्णा, मानलं तुम्हाला," मी मोठ्यानं म्हटलं. "मला लागणार म्हणून जपून ठेवलात!"

सायकल तयार झाली. इतकं सुंदर काम माझ्या हातून क्वचित झालं असेल.

ताईंचं घर म्हणजे एक मोठी खोली आणि मागं स्वयंपाकघर. खिडकीशी ते मशीन, त्याच्यावर अर्धवट शिवलेला झगा, भिंतीशी पलंग. दादा उशीला टेकून बसले होते. हाडकुळे, पण हात अजून कामाच्या माणसाचे. मी सायकल स्टँडवर लावून पलंगाला अगदी खेटून उभी केली. दादांनी वरच्या दांड्यावरून हात फिरवला, मग खालच्या नळीवर नेला. पट्टा सापडला तसा हात तिथंच थांबला.

"ही कुठं सापडली गं?" ते म्हणाले. 

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"बसवा मला," दादा म्हणाले.

आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरलं आणि पलंगावरूनच त्यांना सीटवर सरकवलं. उजवा पाय पायडलवर ठेवला, डावा ठेवला. त्यांनी उजव्या पायानं जोर दिला. डावं पायडल वर आलं आणि अर्ध्यातच अडकलं. दादा कळवळले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. गुडघा वाकतच नव्हता. कपाळावर घाम आला.

"उतरवा," ते म्हणाले. आम्ही उतरवलं. "ही माझी नाही."

"दादा, अहो हिरवा रंग, तो पट्टा..."

"सांगाडा माझा असेल. पाय दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. घेऊन जा." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

खरं सांगायचं तर मला म्हाताऱ्याचा राग आला. एवढं जीव ओतून केलेलं काम, आणि हा खुशाल पाठ फिरवतो! सायकल दाराबाहेर काढताना मी ताईंना म्हटलं, "वयानं आखडलाय गुडघा. त्याला सायकल काय करणार?"

"वयानं नाही हो," ताई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, नुसत्या दाराला टेकून उभ्या होत्या. "लहानपणापासून तो गुडघा अर्धाच वाकतो. मी त्या दिवशी सांगत होते ना तुम्हाला."

मी तिथंच उभी राहिले. 

अर्धा वाकणारा गुडघा. क्रँक आखूड असला की पायडल लहान गोलात फिरतं, पाय फार वर यावा लागत नाही. चार बोटं आखूड. ठिगळ नव्हतं ते. कुणीतरी या माणसाचा पाय बघून, मापून, विचार करून बनवलं होतं, आणि मी अतिशहाणीनं उपटून फेकून दिलं होतं.

दुकानात आले ती थेट भंगाराच्या डब्याकडे. डबा रिकामा होता.

"भंगारवाला सकाळीच येऊन गेला," हे म्हणाले.

मी डबा उलटा करून बघितला. "त्यात एक क्रँक होता हो. हिरवा. आता काय तोंड दाखवू मी त्या बाईला?"

"हा का?" पंख्यानं उडू नये म्हणून यांनी पेपरावर वजन ठेवलं होतं. तेच त्यांनी उचलून दाखवलं. "चांगलं जड होतं म्हणून काढून घेतलं त्या दिवशी. तू फेकतेस ते मी आधी बघून घेतो."

लग्न झाल्यापासून मी या माणसाला पसारा करतो म्हणून बोलत आले. त्या क्षणी मी त्याच्या पाया पडायला तयार होते.

क्रँक शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि जोडावरचा हिरवा रंग खरवडला. म्हटलं, बघू तरी कुणाचं काम आहे. पितळेचा डाग सफाईनं दिलेला, आणि वर कानस मारून साफ केलेला. कानशीचे ओरखडे तिरके होते. माझे पडतात त्याच्या उलट तिरके.

मी अण्णांची कानस काढली आणि त्या ओरखड्यांवर ठेवली. डाव्या हातात धरली तेव्हा बरोबर बसली.

आता त्या एकट्या क्रँकचं कोडं सुटलं. तो याच सायकलीचा होता. अण्णांनी तो काढला, त्या जागी हा आखूड करून बसवला, आणि मूळचा फडक्यात गुंडाळून जपून ठेवला. आणि त्यांच्या पोटच्या पोरीनं त्यांना आंधळा म्हटलं, त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच शेगड्यासमोर उभं राहून.

"अण्णांना काय काय बोलले हो मी," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना. हे उठून आले, पाठीवर हात ठेवून उभे राहिले. या वेळी काही सल्ला दिला नाही.

डोळे पुसल्यावर मात्र म्हणाले, "मग लाव तो, आणि ने सायकल."

"नाही. अण्णांनी तेव्हाचा पाय बघितला होता. आताचा कुणी बघितलाय?"

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे गेले ती सायकल न घेता. ताई मशीनवर होत्या. मला बघून त्यांनी पाय थांबवला. विचारण्यासारखं काही उरलं नाही असा चेहरा होता. दादा भिंतीकडे तोंड करून झोपलेले.

मी पलंगाशी गेले. "दादा, मी सायकलवाली. माझी चूक झाली. डावा क्रँक बदलायला नको होता. तो आखूड पुन्हा बसवणार आहे, पण माप घ्यायचंय. जरा दारापर्यंत चालून दाखवा."

मशीनवरून ताई उठल्याच. "अहो, ते नाही..."

दादा वळले. माझ्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

"तो डावखुरा मिस्त्री असंच म्हणायचा," ते म्हणाले. "तू त्याची कोण?"

"मुलगी."

"हं."  "मी त्याला म्हटलं होतं, बाबा रे, लंगडा माणूस मी, मला कशाला चालायला लावतोस? तर म्हणाला, सायकल कुणीही बघेल. मला पाय बघू दे."

आणि त्यांनी पांघरूण बाजूला केलं. डॉक्टरांनी सांगून, मुलीनं विनवून जो पाय खाली आला नाही, तो जमिनीला टेकला. कामाचं माप द्यायचं म्हणजे द्यायचं, त्यात त्यांना आढेवेढे माहीत नसावेत. मी हात पुढं केला, तर म्हणाले, "धरलंस तर चाल कशी दिसेल तुला?" भिंतीचा आधार घेत, मशीनच्या कडेला हात टेकत, एक एक पाऊल. डावा पाय बाहेरून फिरवून टाकत होते. मध्ये एकदा थांबून दम खाल्ला. ताई पदर तोंडाशी दाबून उभ्या होत्या, हलायलाही घाबरत होत्या.

दादांनी दाराची चौकट धरली.

"आता वळा आणि परत या," मी म्हटलं.

ते वळले नाहीत. उंबऱ्यात उभे राहून बाहेर बघत राहिले. समोर कुणाच्या तरी दारातला नळ गळत होता, तो त्यांनी कान देऊन ऐकला.

"परत कशाला?" ते म्हणाले. "सायकल कुठं आहे?"

"दुकानात. पुढच्या गल्लीत."

"मग तिकडंच चालून दाखवतो. आज कोपऱ्यापर्यंत, उरलेलं उद्या. चपला दे गं माझ्या."

चपला दारात नव्हत्याच. ताईंनी त्या केव्हाच पलंगाखाली, पार भिंतीशी ढकलून दिल्या होत्या. त्या गुडघ्यांवर बसल्या, हात लांब करून एक काढली, मग दुसरी. पदरानं त्यांच्यावरची धूळ पुसली आणि त्या छातीशी धरून तिथंच जमिनीवर हमसून हमसून रडायला लागल्या.

"रडतेस काय? पायात घाल," दादा म्हणाले. "ही बाई खोळंबलीय."

मी काही खोळंबले नव्हते. मी त्यांचा डावा गुडघा बघत होते. क्रँक अण्णांच्या मापापेक्षा अजून एक बोट आखूड करावा लागणार होता.